नऊ नंबरची खुर्ची

पथेइन,
१४ जुलै २००६

मा न्वे यिन,

तुमच्या वंदना समितीचं पत्र परवा मिळालं. पोस्टमन ते चहाच्या दुकानात टाकून गेला, म्हणजे माझ्या हातात येईपर्यंत ते सात-आठ जणांचं वाचून झालं होतं आणि एका कोपऱ्यावर दुधाचा डाग होता. पाकिटावर तुझं अक्षर बघून बरं वाटलं. तुझ्या बापाचंही अक्षर असंच उजवीकडे कललेलं असायचं. कप्तान म्हणून तो फळ्यावर आमच्या जागा मांडायचा, तेव्हा मला वाटायचं की अख्खा संघ घसरत माझ्याच अंगावर येणार. मी उजवा बचाव.

आता कामाचं बोलतो. चाळीस वर्षांपूर्वी पूर्व देशांचा कप जिंकणाऱ्या थोर खेळाडूंना वंदना, वर्षावास संपल्यावर, १५ ऑक्टोबरला, यांगोनच्या मैदानावर. हयात असलेल्या पाच जणांना मंचावर खुर्च्या. आजच्या संघातली पोरं गुडघे टेकून नमस्कार करणार, आम्ही आशीर्वाद देणार. प्रत्येकाला एक नारळ, केळ्यांच्या तीन फण्या, पांघरूण आणि दुधात घालायच्या माल्टचा डबा. गेलेल्या पाच जणांची नावं भोंग्यावरून वाचणार, त्यात तुझ्या बापाचं पहिलं. सगळं छान आहे. पण मी यादी तीनदा मोजली. पाच आणि पाच दहा होतात. संघ अकरा जणांचा असतो हे तुमच्या कचेरीत कोणाला ठाऊक आहे की नाही?

नऊ नंबर कुठे आहे? को म्या थान कुठे आहे? दोन्ही गोल त्याचे. आम्ही बाकीचे दहा जण नुसते पळत होतो.

आता तो भिक्खू आहे, भन्ते कोविद म्हणतात, माझ्या घरापासून चार मैलांवर विहारात असतो, हे तुला माहीत आहे. पण भिक्खू झाला म्हणून काय गोल परत जाळ्यातून बाहेर आले? विसरले असतील तर आठवण दे. मुद्दाम गाळलं असेल तर कोणी गाळलं ते कळव. मला झोप नाही.

तुझ्या बापाच्या मोठ्या भावासारखा, म्हणून तुझा बाजी,
सान ठ्वे


यांगोन,
२६ जुलै २००६

बाजी,

आधी झोप घ्या. माशाचा मोहिंगा खाऊन त्यावर लगेच कडक चहा घेणं सोडलंत तर निम्मी झोप तिथंच मिळेल.

को म्या थान यांना कोणी विसरलेलं नाही. त्यांच्यावर पूर्ण दोन बैठका झाल्या. सचिव ऊ झेया यांचं म्हणणं असं, की भन्तेंना हयात खेळाडूंत घातलं तर मंचावर बसवावं लागेल. भन्ते मंचावर आले की त्यांचं आसन सगळ्यांच्या वर हवं. मग तुम्ही पाच जण खुर्च्यांवर कसे बसणार? तुम्हाला खाली जमिनीवर बसून त्यांना वंदन करावं लागेल. मग पोरांनी वंदना कोणाची करायची? गेलेल्यांच्या यादीत घालता येत नाही, कारण ते गेलेले नाहीत. आणि भिक्खूचं प्रपंचातलं नाव भोंग्यावरून पुकारणं म्हणजे चीवराचा अपमान, असं दोन वयस्कर सभासदांना वाटतं.

एक नवा सभासद म्हणाला, "एका दिवसासाठी चीवर उतरवून येता येईल का?" त्याच्यावर सगळे इतके ओरडले, की बिचारा पुढच्या बैठकीला आलाच नाही.

तुम्ही समितीच्या नावानं रीतसर अर्ज करा, मी तो बैठकीपुढे ठेवते. पण बाजी, शांतपणे लिहा. भन्तेंचा मान राखून लिहा.

तुमची,
न्वे यिन


पथेइन,
२ ऑगस्ट २००६

मा न्वे यिन,

अर्ज सोबत जोडला आहे. चार वेळा लिहिला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेही विहारात, तिथं अर्ज कसा करतात ते शिकवत नाहीत. आमच्या छत्र्यांच्या कारखान्यात कामट्या तासायला बसतो, तिथल्या हिशेबनिसाला दाखवला. तो म्हणाला, "यात शिव्या आहेत." मी म्हटलं, "शिव्या कुठे आहेत? विचारपूस आहे." तरी पुन्हा लिहिला. तू सांगितलंस तसा मान राखला आहे. 'त्यांची जागा आम्हा सर्वांच्या वर असावी' असं स्वच्छ अक्षरात घातलं आहे.

पण खरी गोष्ट अर्जात लिहिता येत नाही, ती तुला लिहितो. म्या थानची आई अजून आहे. दॉ एई तिन. आम्ही सगळे तिला अमेच, म्हणजे आईच, म्हणायचो, कारण संघातल्या निम्म्या पोरांना तिनं भरवलेलं आहे. नव्वद वर्षांची झाली. डोळे गेल्यात जमा आहेत, कान मात्र शाबूत.

त्या सामन्याच्या दिवशी ती गावच्या मुखियाच्या अंगणात रेडिओ ऐकायला बसली होती. पहिला अर्धा भाग संपला आणि रेडिओची बॅटरीही संपली. दोन्ही गोल दुसऱ्या अर्ध्या भागातले. अख्ख्या देशानं तिच्या मुलाचं नाव ऐकलं, तिनं ऐकलं नाही. मग ३१ वर्षांपूर्वी त्यानं चीवर घेतलं आणि ते नाव संपलंच. तेव्हापासून ती त्याला भन्ते म्हणते, रोज सकाळी त्याच्या पात्रात भात घालते आणि वाकून नमस्कार करते. तो तिला दायिका, म्हणजे दान देणारी, म्हणतो. त्याला आईच्या पाया पडता येत नाही. तसा नियम आहे आणि मी नियमाला नावं ठेवत नाही. पण मागच्या वर्षी ती मला म्हणाली, "सान ठ्वे, माझ्या पोराचं नाव भोंग्यातून एकदा ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

पुढचा वर्षावास ती बघेल असं वैद्याला वाटत नाही. मला एवढंच हवंय. खुर्ची नको, पांघरूण नको, माझा माल्टचा डबा सचिवसाहेबांनी प्यावा. नाव वाचा.

बाजी


यांगोन,
१९ ऑगस्ट २००६

बाजी,

चांगली बातमी आहे! तुमचा अर्ज मंजूर झाला.

मी तो बैठकीत वाचून दाखवला. 'त्यांची जागा आम्हा सर्वांच्या वर असावी' हे वाक्य सचिवसाहेबांना फार आवडलं. ते म्हणाले, "बघा, खेड्यातल्या खेळाडूला जे कळतं ते आपल्याला कळलं नाही." त्यांनी लगेच ठराव केला. भन्ते कोविद यांना समारंभाला सन्मानानं निमंत्रण जाईल. मैदानात त्यांच्यासाठी वेगळं उंच आसन असेल. सकाळी आठ वाजता ते सगळ्यांना पंचशील देतील आणि पंधरा मिनिटं धम्म सांगतील. त्यानंतर त्यांना आदरानं विश्रांतीच्या मंडपात नेलं जाईल आणि मग खेळाडूंचा कार्यक्रम सुरू होईल. भन्तेंचा होकारही आला आहे.

ते येणार, बाजी! त्याच मैदानावर! अमेंना सांगा.

न्वे यिन


पथेइन,
२४ ऑगस्ट २००६

मा न्वे यिन,

तुला हे चांगलं वाटतं?

मी तुझं पत्र चहाच्या दुकानात वाचलं आणि कप आपटला. तो फुटला आणि भरून द्यावा लागला. को पॉक, तो दुकानदार, म्हणाला, "काय हो उजवा बचाव, पुन्हा स्वतःच्याच जाळ्यात मारलात वाटतं." सगळे हसले. आणि तो बरोबरच बोलला. वर बसवा असं मीच लिहून दिलं आणि तुम्ही त्याला इतका वर बसवला, की फुटबॉल खालीच राहिला. थोर खेळाडूंचा समारंभ, सगळ्यांत थोर खेळाडू तिथं हजर, आणि खेळाडूंचं नाव निघायच्या आधी त्याला विश्रांतीच्या मंडपात न्यायचं! पाहुण्यांना तो कोण वाटणार? कुठल्यातरी विहारातले कोणीतरी भन्ते.

रागाच्या भरात सायकल काढली आणि विहारात गेलो. भन्ते अंगण झाडत होते.

मी विचारलं, "भन्ते, तुम्ही होकार कसा दिलात?"

"दायका, कोणी पंचशील मागितलं तर नाही म्हणतात का?"

"आणि तुमचे गोल?"

"कसले गोल?"

"दोन गोल! एक डाव्या पायाचा, एक डोक्याचा!"

ते झाडू टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "ते मारणारा चांगला खेळायचा." आणि पुन्हा पानं गोळा करायला लागले. मला इतका राग आला, की नमस्कार न करताच फाटकापर्यंत गेलो आणि तिथून परत येऊन नमस्कार केला. पूर्वीही असंच असायचं. चेंडू मी जिवावर उदार होऊन पुढे द्यायचो, आणि हा गोल मारून असा चालत यायचा जसा काही टपाल टाकून आला.

आता एक गोष्ट सांगतो, ती आधीच सांगायला हवी होती. समितीचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी यादी मोजायच्या आधीच अमेकडे धावलो होतो. तिला सांगून बसलो, "अमे, नाव वाचणार, यांगोनला, मोठ्या भोंग्यावरून." तिनं दुसऱ्या दिवशी आपली ठेवणीतली लुंगी धुऊन घडी घालून उशीखाली ठेवली. रोज विचारते, "किती दिवस राहिले?" मी आकडा सांगतो. दुसरं काही सांगायची माझी हिंमत नाही.

तेव्हा मला चांगल्या बातम्या कळवू नकोस. काहीतरी कर. तुझा बाप असता तर त्यानं त्या सचिवाला राखीव बाकावर बसवलं असतं.

सान ठ्वे


यांगोन,
१२ सप्टेंबर २००६

बाजी,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. मी सचिवसाहेबांच्या बाजूची नाही. या कचेरीत माझी खुर्ची दाराजवळ आहे, बैठकीत मी चहा देते आणि टिपण लिहिते. तरी तुमचा अर्ज मी वाचला, तोही उभं राहून. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. आता राग गेला.

मग मला सुचलं. भन्ते आपल्या आईला वंदन करू शकत नाहीत. पण संघातली पोरं करू शकतात. ती गृहस्थ आहेत आणि अमेही गृहस्थ आहेत, वयानं सगळ्यांत मोठ्या. मुलगा यादीत बसत नाही, आई बसते. नऊ नंबरची खुर्ची त्यांना द्यायची.

मी हे सचिवसाहेबांपुढे मांडलं. ते म्हणाले, "तू टिपण लिही." दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट त्यांनी स्वतःची म्हणून बैठकीत मांडली आणि ती मंजूर झाली. पण अटी आहेत. भन्तेंचं प्रपंचातलं नाव कोणीही उच्चारायचं नाही. निवेदक फक्त 'नऊ नंबरची आई' असं म्हणेल. आणि त्या खरोखरच आई असल्याचा कागद हवा. घरनोंदीची नक्कल चालेल.

यापेक्षा जास्त मला जमलं नाही.

न्वे यिन


पथेइन,
२१ सप्टेंबर २००६

मा न्वे यिन,

तू केलंस ते मला जमलं नसतं. मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते लिहायला नको होतं. म्हाताऱ्याचं डोकं म्हणून सोडून दे.

पण तुझ्या सचिवाचा कागद! वॉर्डाच्या कचेरीत तीन वेळा गेलो. कारकुनानं अमेची घरनोंद काढली. त्यात ती एकटी. मी विचारलं, "मुलगा?" तो म्हणाला, "चीवर घेतलं की नाव नोंदीतून कमी होतं. आता तिला मुलगा नाही."

"अरे, तो रोज तिच्या दारात येतो!"

"येत असेल. कागदावर नाही."

"तू त्याच्या विहारात वर्षावासाचं दान देतोस की नाही?"

"देतो. फार शांत भन्ते आहेत."

"मग ते कोणाच्या पोटचे?"

"काका, माझ्यावर ओरडू नका, मी ही खोली सांभाळतो, पोटं नाही."

शेवटी जुनी वही काढायला लावली, १९७५ सालची, वाळवीनं खाल्लेली. तिच्यात नाव होतं आणि त्यावर लाल रेघ. त्या रेघेसकट नक्कल करून घेतली आहे. सोबत पाठवतो. सचिवाला सांग, रेघेखालचं नाव वाचता येतं.

मग अमेनं अडवलं. "मी खुर्चीवर कशाला? मी काय केलंय? मी तर खेळ पाहिलासुद्धा नाही." मी म्हटलं, "अमे, नऊ नंबरची खुर्ची रिकामी दिसेल, वाईट दिसतं." ते तिला पटलं. रिकामं ताट आणि रिकामी खुर्ची तिला खपत नाही.

नाव वाचणार नाहीत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. बसमध्ये सांगेन. सात तासांचा रस्ता आहे.

बाजी


यांगोन,
४ ऑक्टोबर २००६

बाजी,

कागद चालला. बसची तिकिटं आणि ओळखपट्ट्या पाठवते आहे. अमेंच्या पट्टीवर फक्त '९' आहे.

भन्तेंना आदल्या दिवशी विहारातून मोटार घ्यायला येईल, तुम्ही दोघं बसनं या. माझ्या घरी उतरा. सकाळी साडेसातला मैदानात पोचायचं. मी मात्र मंडपात नसेन. मला फाटकावर जेवणाचे डबे वाटायला ठेवलं आहे, ते आधीपासूनच ठरलं होतं. पण भोंगा फाटकापर्यंत ऐकू येतो.

एकच विनंती. तुम्ही काही ओरडू नका. सचिवसाहेबांनी मला दोनदा विचारलं, "तो पथेइनचा म्हातारा काही गडबड तर करणार नाही ना?" मी नाही म्हणून सांगितलं आहे.

न्वे यिन


यांगोन,
१६ ऑक्टोबर २००६

बाजी,

तुम्ही दोघं समारंभानंतर थेट बसकडे गेलात, नीट बोलणंही झालं नाही. इथं मला कोणी धड काही सांगत नाही. फाटकावर मी एवढंच ऐकलं: 'नऊ नंबरची आई', मग बराच वेळ खरखर, मग अमेंचा आवाज, पण शब्द कळले नाहीत कारण भाताचा टेम्पो मागे घेत होते. त्यानंतर मैदान एकदम गप्प झालं. मला वाटलं भोंगा बंद पडला. आज सचिवसाहेब कोणाशी बोलत नाहीत. शिपाई म्हणतो, "जे झालं ते झालं." काय झालं?

तुम्ही ओरडलात का?

न्वे यिन


पथेइन,
२१ ऑक्टोबर २००६

मा न्वे यिन,

मी ओरडलो नाही. ओरडायचं ठरवून गेलो होतो, हे आता कबूल करतो. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, तरीही.

आधी हे सांग, तुझं फाटकावर बसणं आधीपासून ठरलेलं नव्हतं ना? तुमच्या शिपायानंच मला सांगितलं. अर्ज उभं राहून वाचल्याबद्दल तुला डब्यांवर बसवलं. मला कळवलं असतंस तर मी आणखी एक अर्ज केला असता. म्हणूनच कळवलं नसशील.

आता जे झालं ते सांगतो. बसमध्ये सांगेन म्हणालो होतो, पण अमेला सांगितलं नाही. सात तास ती खिडकीला टेकून बसली आणि मी सात तास उद्या सांगू, उतरल्यावर सांगू असं करत राहिलो.

सकाळी भन्तेंनी पंचशील दिलं. आम्ही पाचही जण आणि अमे खाली चटईवर बसलो होतो. ते भिक्खू हातात धरतात त्या ताडाच्या पंख्याआड तोंड ठेवून म्हणत होते आणि अमे त्यांच्यामागे म्हणत होती, सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे, कारण तिला पाठ आहे. मग त्यांना बाजूच्या मंडपात नेलं. परत जायची मोटार त्या वेळी सचिवाच्या पाहुण्यांना आणायला गेली होती, म्हणून ते तिथंच बसून राहिले, कापडी पडद्यापलीकडे. हे मला नंतर कळलं.

मग आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. निवेदकानं गेलेल्यांची नावं वाचली. तुझ्या बापाचं नाव नीट, पूर्ण वाचलं. मग आमची. मग तो म्हणाला, "आणि नऊ नंबरची आई." अमे वाट बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वाचलं का रे? मला ऐकू नाही आलं." तिचे कान शाबूत आहेत, मा न्वे यिन. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो.  सत्तरीला आलेला माणूस, आणि अंगठा बघतोय.

संघातली पोरं आली, गुडघे टेकले, हात जोडले. सचिवही त्यांच्याबरोबर पहिल्या रांगेत, फोटोसाठी. मग एकेकानं आशीर्वाद द्यायचा. माईक माझ्याकडे आला तेव्हा मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "निरोगी राहा आणि उजवी बाजू उघडी टाकू नका." पोरं खाली मान घालून हसली. मग माईक अमेच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, एका पोरानं सरळ करून दिला. ती जे बोलली ते मी तुला जसंच्या तसं लिहितो, कारण तेव्हापासून ते माझ्या कानात आहे.

ती म्हणाली, "पोरांनो, निरोगी राहा, खूप जगा. माझा मुलगा गुरुवारी जन्मला, म्हणून मी रीतीप्रमाणे म वरून नाव ठेवलं. मॉंग म्या थान. तो नऊ नंबरवर खेळायचा. त्यानं दोन गोल मारले. ते मी ऐकले नाहीत, रेडिओची बॅटरी संपली होती. इथंही कोणी वाचत नाही, यांची पण संपली असेल. म्हणून मीच सांगते. म्या थान. तुमचे पाय त्याच्यासारखे होवोत. तुमची नावं तुमच्या आयांना ऐकू येवोत."

सचिव उठायला लागला. पण वडीलधारं माणूस आशीर्वाद देत असताना नमस्काराला वाकलेला माणूस उठतो का? बाजूच्या कप्तान पोरानं त्याचा कोपर धरून त्याला खाली ठेवला. तुझ्या सचिवानं तो सगळा आशीर्वाद हात जोडून, गुडघ्यांवर घेतला. फोटोतही तसाच आला असेल. मैदान गप्प झालं होतं ते तेव्हा. भोंगा बंद पडला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मंडपात भन्तेंचा निरोप घ्यायला गेलो. अमेनं रोजच्यासारखा वाकून नमस्कार केला. त्यांनी मंगल वचन म्हटलं, तेही पंख्याआडून. ते संपलं तरी त्यांनी पंखा बाजूला घेतला नाही. मी विचारलं, "भन्ते, इथं भोंगा ऐकू येत होता?" ते म्हणाले, "दायका, तुमची बस किती वाजता आहे?" मला इतका राग आला! चाळीस वर्षं या माणसाला चेंडू देतोय आणि हा कधीच सरळ उत्तर देत नाही. मी म्हटलं, "बाराला." ते म्हणाले, "दायिकेला खिडकीपाशी बसवा. तिला गाडी लागते."

आणखी एक. फाटकाजवळ जो संगमरवर लावलाय त्याच्यावर दहाच नावं आहेत. मी मोजली. त्याचा अर्ज मी लिहायला घेतला आहे, आणि या वेळी तू तो वाचायचा नाहीस, मी स्वतः येऊन वाचणार. तू तुझी नोकरी सांभाळ.

बसमध्ये मी अमेला म्हणालो, "मला माफ कर. ते वाचणार नाहीत हे मला आधीच ठाऊक होतं." ती म्हणाली, "मला पण. तू आकडा सांगताना घाबरायचास." मग म्हणाली, "सान ठ्वे, तू त्याला सरावाला न्यायला यायचास, तेव्हा गल्लीतून हाक मारायचास. तशी मार."

मी म्हटलं, "अमे, लोक आहेत बसमध्ये."

"असू देत."

"तुझे भन्ते आहेत ते आता."

"मी भन्तेंना हाक मारायला सांगत नाहीये."

ती ऐकेना. पुढच्या बाकावर एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, ती वळून बघायला लागली. मी घसा साफ केला.  मग तोंडाला हातांचा भोंगा केला आणि ओरडलो, "ए म्या थान! चल, उशीर झाला!"

आणि अमे खिडकीकडे तोंड करून, तेव्हा स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची त्याच आवाजात म्हणाली, "थांब जरा, जेवतोय तो."

सान ठ्वे